ओळ संपते तिथे काय असतं?

बेळगाव शहराला खेटून दोन गावं आहेत. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द. बोलताना लोक सर्रास 'कंग्राळी बीके' आणि 'कंग्राळी केएच' म्हणतात, पण छापील मराठीत बहुधा पूर्ण नाव येतं. आता समजा, बेळगावातल्या जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या बातम्या कुणीतरी चिकाटीनं टाइप करून एका भल्यामोठ्या फाइलमध्ये भरून ठेवल्या आहेत. कॉलम अरुंद, आणि टाइप करणाराही इमानी: छापील ओळ जिथे मोडली तिथेच त्यानं ती मोडली. तुम्ही संगणकाच्या काळ्या खिडकीत 'ग्रेप' हा शोधाचा हुकूम टाइप करता, पुढे 'कंग्राळी बुद्रुक' लिहिता आणि एंटर दाबता.

काहीच नाही. एकही ओळ येत नाही.

फाइल उघडून बघता तर हे समोर:

सायंकाळी कंग्राळी
बुद्रुक येथे सभा

डोळ्यांना ढळढळीत दिसतंय आणि सेकंदाला कोट्यवधी अक्षरं चाळणाऱ्या यंत्राला दिसत नाही! बरं, नुसतं 'कंग्राळी' शोधावं तर दोन्ही गावं एकत्र हाती येतात. नेमकं कुठलं गाव, ते पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दावर ठरतं, आणि तिथपर्यंत ग्रेपची नजर जात नाही. असं का व्हावं? आणि ती नजर पुढे न्यायची कशी?

आधी जरा फाइलच्या आत डोकावू. गंमत अशी की आत ओळी नसतातच. फाइल म्हणजे आकड्यांची एक सलग लांबच लांब माळ. त्यात ३२ हा आकडा आला की पडद्यावर मोकळी जागा सोडायची आणि १० आला की खाली येऊन पुन्हा डावीकडून सुरुवात करायची, एवढाच करार. आपण ज्याला 'ओळ संपली' म्हणतो, ते या माळेतलं एक साधं १० आहे. (विंडोजवर बनवलेल्या फाइलींत त्याच्या आधी एक १३ही असतो. टेलिप्रिंटरचा छापणारा भाग डावीकडे परत न्यायची ही खूण. टेलिप्रिंटर गेले, १३ मात्र मागे राहिला आणि अजूनही लोकांचे शोध फसवतो.) म्हणजे आपल्या गावाच्या नावात 'ळी' आणि 'बु' यांच्यामध्ये ३२ ऐवजी १० बसलाय. फरक एवढाच!

मग ग्रेप या दहाला एवढा का बिचकतो? त्यासाठी १९७३ सालात जावं लागेल.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ली मॅकमहॉन नावाचे एक संशोधक होते. त्यांना 'फेडरलिस्ट पेपर्स' तपासायचे होते. १७८७-८८ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं लिहिलेले हे ८५ लेख. लिहिणारे तिघे, टोपणनाव एकच, त्यामुळे काही लेख नेमके कुणाचे यावर वाद. शब्दांच्या लकबी शोधल्या तर लेखक सापडेल, अशी आशा. पण त्या काळच्या 'युनिक्स' या संगणक-प्रणालीवरचा 'ईडी' नावाचा एडिटर अख्खी फाइल स्मृतीत घेऊन काम करायचा, आणि त्या पीडीपी-११ यंत्रावर एका प्रोग्रॅमच्या वाट्याला येणारी जागा होती ६४ किलोबाइट. आज फोनवर आलेला सुप्रभातचा एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही! ८५ लेख कुठून मावणार?

बेल लॅब्समधलेच त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी यावर उपाय काढला. ईडीमधला शोधण्याचा भाग तेवढा सुटा केला. अख्खी फाइल घ्यायचीच नाही. एक ओळ घ्यायची, तपासायची, जुळली तर छापायची, विसरून जायची, पुढची घ्यायची. फाइल हजार ओळींची असो की हजार कोटींची, एका वेळी हातात एकच ओळ. ईडीमध्ये या कामासाठी जो हुकूम द्यायचे त्याचीच अक्षरं जोडून नाव पडलं ग्रेप. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये तो युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात आला. त्याच महिन्याच्या १ तारखेला इकडे म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं होतं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, पण तारखा शेजारी ठेवल्यावर मजा वाटते.

म्हणजे 'एका वेळी एकच ओळ' हा निसर्गनियम नव्हे. जागेच्या टंचाईतून आलेली ती काटकसर आहे, आणि टंचाई संपून जमाना झाला तरी सवय राहिली आहे.

आता खरी जादू बघा. हे यंत्र शोधतं तरी कसं? आपल्याला शोधायचा पॅटर्न असा मांडू:

कंग्राळी[ ]+(बुद्रुक|बु\.|खुर्द|खु\.)

वाचायला सोपं आहे. आधी 'कंग्राळी', मग चौकटी कंसातली मोकळी जागा एकदा किंवा अनेकदा (ते अधिकचिन्ह म्हणजे 'एक तरी हवीच'), मग कंसातल्या चारांपैकी कुठलंही एक. उभी रेघ म्हणजे 'किंवा'. नुसतं टिंब म्हणजे 'कुठलंही अक्षर', म्हणून खऱ्या टिंबाआधी उलटी तिरकी रेघ.

या पॅटर्नचा एक सोंगट्यांचा पट बनतो. पहिलं घर: 'अजून काही मिळालं नाही.' दुसरं: 'क मिळाला.' तिसरं: 'कं झाला.' फाइलमधलं एकेक चिन्ह वाचायचं. हवं ते आलं तर सोंगटी पुढच्या घरात, नाही तर मेली. प्रत्येक चिन्हाला पहिल्या घरातून एक नवी सोंगटी सोडायची, कारण गावाचं नाव कुठूनही सुरू होऊ शकतं. फाटा आला, म्हणजे बुद्रुक की खुर्द असा प्रश्न आला, तर? तर सोंगटीच्या दोन सोंगट्या करायच्या आणि दोन्ही वाटांनी सोडायच्या. दोन सोंगट्या एकाच घरात आल्या तर त्यांची एकच करायची. त्यामुळे पटावर घरांपेक्षा जास्त सोंगट्या कधीच होत नाहीत. शेवटच्या घरात एखादी पोचली की सापडलं!

यातली अचाट गोष्ट लक्षात आली का? मजकुरात मागे वळून बघावंच लागत नाही. प्रत्येक चिन्ह एकदा वाचलं की झालं. ही युक्ती थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये, ग्रेपच्याही आधी, चार पानांच्या एका लेखात मांडली. तिच्या मुळाशी असलेलं गणित स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये लिहिलं होतं, आणि क्लीनी तरी कशाचा विचार करत होते? मेंदूचा! मॅकलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मेंदूतल्या पेशींची एक गणिती प्रतिकृती मांडली होती. अशा पेशींच्या जाळ्याला कुठकुठल्या घटना ओळखता येतील, हा क्लीनींचा प्रश्न होता. चेतापेशींपासून निघालेली वाट कंग्राळी बुद्रुकला येऊन पोचते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आणि या पटाला दहाचं वावडं अजिबात नाही. 'मोकळी जागा' या घरात ३२ चालेल तसा १०ही चालेल, एवढं सांगितलं की काम झालं. त्यासाठी तयार खूणही आहे: उलटी तिरकी रेघ आणि तिच्यामागे रोमन एस, म्हणजे 'डोळ्यांना न दिसणारं कुठलंही रितं चिन्ह'. चौकटी कंसाच्या जागी ती टाका आणि ग्रेप पुन्हा चालवा.

पुन्हा काहीच नाही!

कारण पट तयार आहे, पण दहा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ग्रेप आधी दहावर माळ तोडतो आणि मगच तुकडे पटाकडे पाठवतो. सापळा उत्तम आहे, उंदरालाच बाहेर अडवलंय.

या अडवणुकीवरचा पहिला उपाय कुणी काढला असेल? त्याच मॅकमहॉन यांनी. ग्रेपनंतर वर्षभरातच त्यांनी 'सेड' लिहिला. सेडही ओळीओळीनं चालतो, पण त्याच्याकडे रोमन एन असा एका अक्षराचा हुकूम आहे: 'हातातली ओळ टाकू नकोस, पुढची तिच्या शेपटीला जोड.' मध्ये दहा तसाच राहतो. आता दोन ओळी एकत्र तपासता येतात. पण थांबा. पहिली-दुसरी, तिसरी-चौथी अशा जोड्या लावल्या आणि नाव नेमकं दुसरीच्या शेवटी आणि तिसरीच्या सुरुवातीला मोडलं असेल तर? ते निसटणार. म्हणून आणखी दोन हुकूम: पी म्हणजे जोडीतली पहिली ओळ छाप, डी म्हणजे ती टाकून दे. दुसरी हातातच राहते आणि तिला तिसरी जोडली जाते. पहिली-दुसरी, मग दुसरी-तिसरी, मग तिसरी-चौथी. एकही सांधा सुटत नाही, आणि हातात एका वेळी दोनच ओळी! तीन अक्षरांत एवढं सगळं.

१९७७ मध्ये आला 'ऑक'. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं. त्यानं विचारलं, तुकडा ओळीचाच का हवा? तुकडे कुठे पाडायचे ते तुम्ही सांगा. तोडायची खूण मुद्दाम रिती ठेवली तर ऑक कोऱ्या ओळीवर तुकडा पाडतो, म्हणजे एक परिच्छेद हा एक तुकडा. बातम्यांमध्ये कोरी ओळ सोडली असेल तर 'ज्या बातमीत निपाणीही आहे आणि तंबाखूही आहे ती अख्खी बातमी दे' असं एका ओळीच्या हुकमात मागता येतं. बेळगावलाच, मच्छेजवळ, ज्याचं मुख्यालय आहे त्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून कर्नाटकभरच्या कितीतरी मुलांनी ग्रेप, सेड आणि ऑक हे त्रिकूट परीक्षेपुरतं पाठ केलंय. त्यातल्या किती जणांना कुणी हा परिच्छेदाचा चमत्कार करून दाखवला, देव जाणे.

लॅरी वॉल यांच्या १९८७ मधल्या 'पर्ल' या प्रोग्रॅमिंग भाषेची तऱ्हा तर बेरकीच. तुकडे ज्या आकड्यावर पाडायचे तो आकडा त्याला शून्यानं सुरू होणाऱ्या अष्टमान पद्धतीत सांगतात. लोक सांगतात ०७७७. म्हणजे आपल्या नेहमीच्या हिशेबात ५११. पण एका बाइटमध्ये, म्हणजे माळेतल्या एका आकड्याच्या जागेत, मावणारा सगळ्यात मोठा आकडा २५५! जो आकडा फाइलमध्ये येऊच शकत नाही त्यावर तोड म्हटल्यावर पर्ल बिचारा शेवटपर्यंत वाट बघत राहतो आणि अख्खी फाइल एका घासात आत घेतो. आजच्या लिनक्सवरच्या ग्रेपला 'मायनस झेड' दिलं की तोही असंच करतो: दहाऐवजी शून्यावर तोडतो, आणि साध्या मजकुरात शून्य हा बाइट नसतो. सोबत पर्लच्या धाटणीचे पॅटर्न समजणारं 'मायनस पी' आणि जुळलं तेवढंच दाखवणारं 'मायनस ओ' द्या. उंदीर सापळ्यात. 'कंग्राळी' आणि खाली 'बुद्रुक', दोन ओळींत, जसं छापलं होतं तसं पडद्यावर येतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती कळल्यावर मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो. लिनक्सवरचा ग्रेप, ज्याचे मूळ लेखक माइक हर्टेल, तो इतका वेगवान का? कारण तो ओळी पाडतच नाही! माळेचा मोठा लांबलचक तुकडा उचलतो आणि त्यात थेट शब्द शोधतो. सापडला तर मागे-पुढे जवळचे दोन दहा हुडकतो, पूर्ण पॅटर्न त्यांच्या मधल्या ओळीतच जुळवतो आणि ती ओळ तुम्हाला देतो. दहा शोधत बसणं हेच मुळात खर्चाचं काम, म्हणून ते सापडल्यानंतर. शोधतानाही तो सगळी अक्षरं वाचत नाही. बॉयर आणि मूर यांच्या १९७७ च्या युक्तीनं तो शब्दाच्या शेवटाकडून तपासतो. तिथे दिसलेलं चिन्ह आपल्या शब्दात कुठेच नसेल तर शब्दाच्या लांबीएवढी उडी मारतो. म्हणजे शब्द जितका लांब तितका शोध लवकर. आपल्याला नेमकं उलटं वाटलं असतं, नाही का?

पण आपला मजकूर मराठी आहे. हा सगळा कारखाना इंग्रजीसाठी उभारलेला. तो देवनागरीवर कसा चालतो?

इथे केन थॉम्प्सन परत येतात. सप्टेंबर १९९२, न्यू जर्सीतलं एक साधं खाणावळवजा हॉटेल. रॉब पाइक यांच्यासोबत जेवताना थॉम्प्सन यांनी ताटाखालच्या कागदावर जगातल्या सगळ्या लिप्या बाइटांमध्ये भरायची पद्धत आखली. तीच आजची यूटीएफ-८. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तिच्यात तीन बाइट लागतात. 'बेळगाव' म्हणजे ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना, व. सहा चिन्हं, अठरा बाइट. कन्नडच्या चिन्हांनाही तीनच. इथे दोन्ही भाषांना अगदी सारखी जागा मिळाली आहे! खुबी अशी की या अठरापैकी प्रत्येक बाइट १२७ पेक्षा मोठा असतो. म्हणजे मराठी अक्षराच्या पोटात चुकूनही १० किंवा ३२ दडलेला नसतो. शिवाय अक्षराचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट वेगळे ओळखू येतात, त्यामुळे एका अक्षराची शेपटी आणि दुसऱ्याचं डोकं मिळून भलतंच अक्षर कधी जुळत नाही. ज्यानं ओळी तोडणारा ग्रेप लिहिला, त्यानंच एकोणीस वर्षांनी अशी व्यवस्था केली की एक अक्षरही मराठी न येणारं अवजार मराठीच्या ओळी बिनचूक तोडू शकेल.

मात्रा आणि अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हं असल्याचा फायदा बघा. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या छपाईत 'बेळगांव'ही आहे. तिन्ही एकदम शोधायचे?

बेळगां?वी?

प्रश्नचिन्ह म्हणजे 'आधीचं चिन्ह असेल किंवा नसेल'. डोळ्यांना ते 'गां'ला चिकटलेलं दिसतं, यंत्राला मात्र त्याच्या आधी फक्त अनुस्वार दिसतो. निपाणी आणि निप्पाणी? नि(प्)?पाणी. आणि ओळीच्या शेवटी संयोगरेघ देऊन मोडलेला 'सीमाप्रश्न'? 'सीमा', मग असली तर आडवी रेघ, मग असली तर रिती चिन्हं, मग 'प्रश्न'.

ओळींचं कुंपण काढल्यावर एक धोकाही वाढतो. 'निपाणीपासून तंबाखूपर्यंत मधलं काहीही' असा पॅटर्न टिंब-तारा लावून लिहिला आणि टिंबाला दहाही चालेल असं सांगितलं, तर तो हावरट असतो: पहिल्या निपाणीपासून शेवटच्या तंबाखूपर्यंत अख्खी फाइल घशात घालतो. ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह लावलं की शहाण्यासारखा पहिल्याच तंबाखूवर थांबतो. याहून वाईटही घडतं. पर्लच्या वंशातली बरीच यंत्रं थॉम्प्सनसारख्या सगळ्या सोंगट्या एकदम चालवत नाहीत. एक वाट धरतात, फसली की मागे येऊन दुसरी धरतात. २० जुलै २०१६ ला 'स्टॅक ओव्हरफ्लो' ही प्रोग्रॅमरांची प्रसिद्ध साइट ३४ मिनिटं बंद पडली, ती मजकुराच्या कडेची रिती चिन्हं छाटणाऱ्या एका पॅटर्नमुळे. एका लेखात सलग सुमारे २०,००० रिती चिन्हं होती, पण कडेला नव्हे, मध्येच. यंत्रानं २०,००० तपासली, फसलं, दुसऱ्यापासून १९,९९९ तपासली, फसलं, तिसऱ्यापासून पुन्हा. बेरीज करा: सुमारे २० कोटी. त्या पॅटर्नमध्ये ज्या अदृश्य चिन्हांची नावं होती त्यातलं एक, आपण देवनागरीत जोडाक्षर सुटं दाखवायला वापरतो तेच होतं. १९६८ चा सोंगट्यांचा पट यावर अडखळला नसता. गूगलचं 'आरई-२' आणि २०१६ मध्ये आलेलं 'रिपग्रेप' ही शोधाची अवजारं पुन्हा त्याच जुन्या वाटेनं जातात. रिपग्रेपला तर 'मायनस यू' दिलं की ओळी ओलांडून शोधतो.

आणि एक नाव नव्हे, गावांची अख्खी यादीच असेल तर? कर्नाटकातल्या सीमाभागावर महाराष्ट्राचा जो दावा आहे, त्यात ८६५ गावं आहेत. एकेक नाव घेऊन फाइल ८६५ वेळा चाळायची? मुळीच नाही. बेल लॅब्समध्येच मार्गारेट कोरासिक ग्रंथसूचीतल्या शोधावर काम करत होत्या. त्यांनी आणि अल्फ्रेड आहो यांनी, होय, ऑकमधलेच आहो, १९७५ मध्ये दाखवलं की सगळ्या नावांचं मिळून एकच झाड करता येतं. 'बेळगाव' आणि 'बेळगुंदी' यांचं खोड 'बेळग'पर्यंत एक, पुढे फांद्या. दोन्ही कंग्राळ्या मधल्या मोकळ्या जागेपर्यंत एकच. एखाद्या फांदीवर पाय घसरला तर कुठल्या फांदीवर उतरायचं तेही आधीच ठरवलेलं, म्हणून मजकुरात मागे जायचं कारण नाही. फाइल एकदाच वाचायची, यादी आठ गावांची असो की आठशे पासष्टांची.

फक्त यादीतल्या नावांमध्ये ३२ आहे आणि फाइलमध्ये कधीकधी १०. इथे सगळ्यात साधं हत्यार कामी येतं. 'टीआर' नावाचा चिमुकला प्रोग्रॅम: एक बाइट दिसला की त्याजागी दुसरा ठेवायचा, बाकी अक्कल शून्य. त्याला सांगा, १० च्या जागी ३२. अख्खी फाइल एकच ओळ होते. (त्यातला कुठलाही १० मराठी अक्षराचा तुकडा नाही, ही हमी त्या ताटाखालच्या कागदानं दिलेलीच आहे.) ती ओळ यादीसकट ग्रेपकडे ढकला, 'मायनस ओ'सह, म्हणजे फक्त सापडलेली नावं एकाखाली एक येतील. ती 'सॉर्ट'मधून काढली की सारखी नावं शेजारी येतात, 'युनिक' त्यांची मोजणी करतो, आणखी एक सॉर्ट त्यांना उतरत्या क्रमानं लावतो. याच सीमाप्रश्नावरच्या १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानं महाराष्ट्राला द्यावीत म्हटलेल्या, निपाणी आणि नंदगडसह २६४ गावांची वेगळी यादी जवळ असेल तर हुकमात फक्त यादीच्या फाइलचं नाव बदला आणि पुन्हा एंटर दाबा.